फ्लेक्सवर घोडा दिसतो, पण रात्री लेकराजवळ कोण असतं? उन्हाळी शिबिरात नाव घालण्याआधी हे वाचा

बीड : परीक्षा संपत आल्या की चौकाचौकात फ्लेक्स लागायला सुरुवात होते. एका बाजूला घोड्यावर बसलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला दोरीवरून उतरणारी मुलगी, मधे फेटेवाले मार्गदर्शक आणि खाली लाल अक्षरात ‘प्रवेश मर्यादित’. हाच फ्लेक्स दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. सात दिवसांचं कमांडो ट्रेनिंग, दहा दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, महिनाभराचं बाल संस्कार शिबिर. प्रवेश दरवर्षी मर्यादित असतात आणि दरवर्षी शिबिराच्या पहिल्या दिवसापर्यंत चालूच राहतात, ही गोष्ट वेगळी.

शिबिरात पाठवावं असं आईबापाला वाटतं यात काही चूक नाही. मे महिन्यात घरचे दोघंही रानात असतात. नांगरट, पाळी, काडीकचरा वेचणं ही कामं थांबत नाहीत. घरात आजी असली तर असली, नसली तर लेकरू आणि मोबाईल. मोबाईलचा कंटाळा आला की पोरं उठून विहिरीवर, नाहीतर शेततळ्यावर. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून बुडाल्याची बातमी येतेच. त्यामुळे ‘दहा दिवस चांगल्या ठिकाणी राहील, चार गोष्टी शिकेल’ हा विचार रास्तच आहे.

घोळ होतो तो निवडताना. फ्लेक्सवर जे दिसतं ते दिवसातले दोन-तीन तास असतं. घोडा दहा मिनिटं, रायफल पाच छर्रे, दोरी एकदा. लेकरू मात्र तिथं चोवीस तास राहणार असतं. उरलेल्या एकवीस-बावीस तासांत ते कुठं झोपतं, काय पितं, दुपारी बारा वाजता कुठं असतं आणि रात्री दोन वाजता पोट दुखलं तर कुणाला उठवतं, यावर शिबिर चांगलं की वाईट ते ठरतं. फ्लेक्सवर यातलं काहीच छापलेलं नसतं. ते विचारूनच काढावं लागतं.

आधी आपलं लेकरू बघा

शेजारच्याचा गेला म्हणून आपलाही पाठवायचा, असं बऱ्याच घरांत होतं. पण शेजारचा आठवीत असतो आणि आपला तिसरीत. तिसरी-चौथीपर्यंतच्या लेकराला दहा दिवस मुक्कामाला पाठवायची घाई नको. सकाळी जाऊन दुपारच्या आत घरी येणारं शिबिर या वयाला पुरतं. पाचवी-सहावीत दोन-तीन रात्रींचं चालतं, तेही लेकरू आधी मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी आईबापाशिवाय राहिलेलं असेल तर. आठ-दहा दिवसांचं निवासी शिबिर सातवीच्या पुढं ठीक. हा काही सरकारी नियम नाही. रात्री अंथरूण ओलं करणारं, अंधाराला भिणारं, अनोळखी माणसाला ‘मला संडासला जायचंय’ म्हणायला लाजणारं लेकरू दहा दिवसांत धीट होत नाही. ते दहा दिवस गप्प राहतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर याचा दोनदा विचार करावा. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन गेलेली माणसं कारखान्याचा पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये गावी येतात. तोवर लेकरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहिलेली असतात. काही फडावर सोबत गेलेली असतात, त्यांची शाळा बुडालेली असते. पाच-सहा महिन्यांनी आईबाप घरी आले, त्यांच्या हाती चार पैसे आहेत आणि पोराचं काहीतरी भलं करायची इच्छाही आहे. नेमका त्याच वेळी फ्लेक्स समोर येतो. पण अर्धं वर्ष आईवाचून राहिलेल्या लेकराला ती आल्याबरोबर पुन्हा दुसरीकडं मुक्कामाला पाठवायचं? उचल फिटून जे उरलं त्यातले पाच-सहा हजार त्यासाठी द्यायचे? अशा लेकराला गावातल्याच शाळेत सकाळचे दोन तास वाचन आणि खेळ मिळाला आणि संध्याकाळी आईच्या ताटात जेवायला मिळालं, तर कुठल्याही निवासी शिबिरापेक्षा ते जास्त आहे. मूल मोठं असेल आणि स्वतःहून ‘मला जायचंय’ म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. मग विचारपूस करून खुशाल पाठवावं.

फोन लावल्यावर काय विचारायचं

बहुतेक पालकांचा फोन असा होतो :

‘सर, ते शिबिराचं विचारायचं होतं. किती फी हाय?’

‘साडेसहा हजार आहे भाऊ, पण आज बुकिंग केलं तर साडेपाच. किट फ्री.’

‘बरं. राहणं-खाणं सगळं त्यातच ना?’

‘सगळं त्यातच. फोन पे करून टाका, नाव लिहून घेतो.’

एवढ्यावर पैसे जातात. याच फोनमध्ये आणखी चार गोष्टी विचारायला पाच मिनिटं लागतात. ‘सर, रात्री पोरांच्या खोलीत कोण झोपतं? त्याचं नाव काय, तो कामाला कधीपासून आहे?’ हा पहिला प्रश्न. चांगला आयोजक याचं उत्तर अडखळत नाही, कारण त्याने ते आधीच ठरवलेलं असतं. ‘आमची माणसं असतात हो, काळजी नका करू’ हे उत्तर नाही. किती मुलं येणार आणि त्यांच्यामागे मोठी माणसं किती, हा दुसरा प्रश्न. लहान मुलांचं शिबिर असेल तर दहा-बारा मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. शंभर मुलं आणि चार ‘ट्रेनर’, त्यातले दोन कॉलेजातले विद्यार्थी, असा प्रकार असेल तर तिथं लेकरांकडे लक्ष राहणार नाही.

तिसरा प्रश्न विचारायला जीभ जड होते, पण विचारावा. कामावरच्या माणसांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार उघड झाल्यावर शाळांमध्ये सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी याबाबत राज्य सरकारने आदेश काढले. ते शाळांसाठी होते. मंगल कार्यालय दहा दिवस भाड्याने घेऊन शिबिर भरवणाऱ्याच्या दारात तपासायला सहसा कुणी जात नाही. म्हणून तिथं आईबापानेच विचारायचं. स्वयंपाकी, गाडीचा ड्रायव्हर, रात्रीचा रखवालदार यांच्याबद्दलही विचारायचं. लोक फक्त ‘सरां’बद्दल विचारतात.

मुलगी जाणार असेल तर रात्री मुक्कामाला बाई आहे का, हे स्पष्ट विचारा. दिवसा शिकवायला येणारी मॅडम संध्याकाळी सहाला घरी जात असेल तर तिचा रात्री उपयोग नाही. मुलींची झोपण्याची खोली वेगळी आहे का, न्हाणीघराला आतून कडी आहे का, पाळी आली तर पॅड कुणाकडे मागायचे? सहावी-सातवीच्या मुलीला पहिली पाळी शिबिरातही येऊ शकते. आईने जाण्याआधी तिला दोन शब्द सांगून ठेवावेत आणि पिशवीत पॅड घालून द्यावेत.

चौथा प्रश्न फोनचा. मुलांचे मोबाईल जमा करून घेणं बरोबरच आहे, नाहीतर शिबिराला अर्थ राहत नाही. पण ‘दहा दिवस फोनही नाही अन् भेटही नाही, पोरं रडतात’ असं कुणी म्हणालं तर तिथं पाठवू नका. रोज नाही तर एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, दोन मिनिटं लेकराशी बोलता आलं पाहिजे. आणि बोलताना शेजारी सर उभे नकोत.

एकदा जागा बघून याच

केजहून अंबाजोगाईला किंवा आष्टीहून नगरला जायला अर्धा दिवस मोडतो. तरी एकदा जावं. शक्य असेल तर आधीची बॅच चालू असताना जावं. आणि ऑफिसात चहा घेऊन परत येऊ नये. पिण्याच्या पाण्याची टाकी बघा, संडास बघा, झोपायची खोली बघा, स्वयंपाकघर बघा. आयोजक हसतमुखाने दाखवत असेल तर अर्धं काम झालं. ‘आत्ता बंद आहे, नंतर या’ म्हणत असेल तर काय समजायचं ते समजून घ्या.

शंभर मुलांना दोन संडास असतील तर पोरं पहाटे उघड्यावर जाणार, नाहीतर दाबून धरणार आणि तिसऱ्या दिवशी पोट धरून बसणार. टाकीचं पाणी टँकरचं आहे का बोअरचं, त्यात औषध टाकतात का, हे विचारायला लाजू नका. उन्हाळ्यात शिबिरातली मुलं आजारी पडतात ती बहुतेक पाण्यानं आणि उरलेल्या शिळ्या भाजीनं.

झोपायची जागा बघताना साप डोक्यात ठेवा. हे वाचून कुणाला अति वाटेल. पण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूज दिसत नाही. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणतं, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही आणि शिबिरातला माणूस त्याला अपचनाची गोळी देतो. म्हणून शिबिर तंबूत, शेतात किंवा जुन्या शाळेच्या खोलीत असेल तर कॉट आहेत का, नसतील तर गादीखाली खोचता येणारी मच्छरदाणी आहे का, रात्री बाहेर जायला दिवा आहे का, हे बघायचं. सर्वात जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आणि रात्री गाडी कुणाची, हे आयोजकाला तोंडपाठ पाहिजे. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. तिथवर पोहोचायला लागणारा वेळ हाच काय तो प्रश्न.

मग ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो हे कुणाला सांगायला नको. शिबिराचं दिवसभराचं वेळापत्रक मागून घ्या आणि फक्त एक ओळ बघा : दुपारी बारा ते चार काय आहे? तिथं सावलीतलं काम, गोष्टी, चित्रं, झोप असेल तर ठीक. परेड, ट्रेक, मैदानी स्पर्धा असतील तर ते शिबिर नको, मग आयोजक कितीही मोठा असो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर उघड्यावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. ती मोठी, कळती माणसं होती. लेकरं खेळाच्या नादात पाणी मागत नाहीत आणि शिक्षेच्या भीतीने ‘चक्कर येतेय’ असंही म्हणत नाहीत. अंग तापलंय, लेकरू बरळतंय किंवा गुंगीत आहे अशी वेळ आली तर सावलीत नेऊन ओल्या कपड्याने अंग पुसत राहायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. गुंगीतल्या लेकराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. हे तिथल्या ट्रेनरला माहीत आहे का, असं सहज विचारून बघा. उत्तरावरून बरंच कळतं.

घोडा, दोरी आणि रायफल

साहसी खेळांनी पोरं खूश होतात, त्यात वाईट काही नाही. पण दोरीवरून उतरणं, झिपलाईन, कृत्रिम भिंत चढणं, बोटिंग असले खेळ घेणाऱ्यांसाठी महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेचं साहित्य ठेवावं लागतं. मराठवाड्यासाठी संचालनालयाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. ‘नोंदणीचा कागद दाखवा’ एवढं म्हणायचं. कागद नसेल तर बाकीचं शिबिर चांगलं असलं तरी ‘माझ्या पोराला दोरीवर चढवू नका’ असं लिहून द्यायचं. दोरी, हेल्मेट, कमरेचा पट्टा हे हातात घेऊन बघा. हेल्मेटची पट्टी तुटलेली आणि दोरी धाग्याधाग्याने उसवलेली असेल तर ते बघायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. शेतकऱ्याला दोरीतलं कळतं.

‘कमांडो’ शिबिरांची एक वेगळी भानगड आहे. तिथं शिस्तीच्या नावाखाली चूक केली की उन्हात कोलांट्या, जेवण बंद, पट्ट्याचे फटके, असे प्रकार काही ठिकाणी चालतात आणि पालकही ‘बरं झालं, जरा सरळ होईल’ म्हणतात. लेकराला मारायचा अधिकार फी भरल्याने कुणाला मिळत नाही. शिक्षा काय करता, हा प्रश्न विचाराच.

आणखी एक. ‘आमच्या प्रमाणपत्राने पोलीस भरतीत फायदा, सैनिक शाळेत प्राधान्य’ असं कुणी सांगत असेल तर ती शुद्ध थाप आहे. सैनिक शाळेचा प्रवेश देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेने होतो. एनसीसीचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे, ते शाळा-कॉलेजातल्या एनसीसी पथकातून मिळतं. खाजगी शिबिराचं रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर लावायला छान असतं, तेवढंच. नवोदयच्या नावानेही मे महिन्यात ‘निवासी उन्हाळी शिबिरं’ भरतात. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय गेवराई तालुक्यात गढीला आहे आणि पाचवीतली मुलं त्याच्या परीक्षेला बसतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, म्हणून आपल्याकडे ओढ जास्त. तयारी जरूर करावी. पण रोज दहा तास गणितं सोडवून घेणाऱ्याला शिकवणी म्हणतात. शिबिर म्हणून पैसे देताना आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

संस्कार शिबिर : श्रद्धा ठेवा, डोळे उघडे ठेवा

मराठवाड्यात वारकरी बाल संस्कार शिबिरांची मोठी परंपरा आहे. हरिपाठ, पखवाज, टाळ, गायन, पाठांतर. फी नाममात्र, कित्येक ठिकाणी तीही नाही, गावकरी आळीपाळीने पंगत देतात. पखवाजावर हात बसलेली, चारचौघांत उभं राहून बोलायला न लाजणारी पोरं अशा शिबिरांतून बाहेर पडलेली प्रत्येक गावात सापडतील. महागड्या शिबिराच्या मानाने हा सौदा कितीतरी चांगला, त्यातही शिबिर गावच्याच मंदिरात असेल तर.

पण महाराज ओळखीचे आहेत म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, हे बरोबर नाही. रात्री कोण, पाणी कुठलं, शिक्षा काय, फोन कधी, हे चारही प्रश्न इथंही तेवढेच लागू. खरे महाराज रागावत नाहीत, उलट ‘या माउली, बघून जा’ म्हणतात. महाराज रागावले तर लेकराला तिथं ठेवण्याआधी त्या रागाचं कारण शोधा.

पैसे न घालता काय होऊ शकतं

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे उन्हाळी क्रीडा प्रशिक्षणाची चौकशी करावी. खो-खो, कबड्डी, अॅथलेटिक्स अशा खेळांची शिबिरं क्रीडा संकुलांवर कमी पैशात होतात. तालुक्याच्या गावात नातेवाईक असतील तर सकाळी मैदान आणि संध्याकाळी मावशीचं घर, असं जमतं.

गावातल्या गावात करायचं असेल तर सर्वात मोलाचं शिबिर पोहण्याचं. मोठ्या शहरात त्याला हजारो रुपये पडतात. आपल्याकडे चार-पाच पट्टीचे पोहणारे प्रत्येक गावात असतात आणि दुधी भोपळा, रिकामा डबा किंवा ट्यूब कमरेला बांधून शिकवायची पद्धत आजोबांपासून चालत आलेली आहे. पायऱ्यांची, पाण्याचा अंदाज असलेली विहीर निवडायची. सकाळची वेळ. एका वेळी पाण्यात चार-पाचच मुलं, प्रत्येक दोघांमागे एक पोहणारा आणि काठावर दोर घेऊन एक माणूस, ज्याच्या हातात मोबाईल नाही. पंधरा दिवसांत बहुतेक पोरं तरंगायला लागतात. मुलींनाही शिकवावं. बुडताना पाणी मुलगा-मुलगी बघत नाही.

शेततळ्यात मात्र शिकवायचं नाही, खेळायलाही जाऊ द्यायचं नाही. तळाला आणि काठांना प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की शेवाळल्यासारखा निसरडा होतो. चांगला पोहणारा मोठा माणूससुद्धा त्यावर पाय रोवून वर येऊ शकत नाही. शेततळं ज्याच्या शेतात आहे त्याने काठावरून आत दोर आणि गाठी मारलेले टायर सोडून ठेवावेत. खर्च काहीच नाही. माजलगाव आणि मांजरा धरणाच्या फुगवट्याजवळची गावंही हे समजून आहेत की शांत दिसणारं पाणी कुठं अचानक खोल होतं ते वरून कळत नाही. आणि मुलांना पहिल्या दिवशी एक गोष्ट घोकून घ्यावी : मित्र बुडत असेल तर मागोमाग उडी मारायची नाही. ओरडायचं आणि दोर, साडी, बांबू, जे हाताला लागेल ते टाकायचं. एकामागे एक दोन-तीन पोरं जातात ती याच चुकीने.

पावती, परतावा आणि नोंदणी

सात हजार फी आणि दहा दिवस म्हणजे दिवसाला सातशे रुपये. शंभर मुलं असतील तर जमा होतात सात लाख. एवढ्या रकमेत रात्रीचे दोन रखवालदार, एक नर्स आणि स्वच्छ पाणी मागणं म्हणजे कुणाकडे उपकार मागणं नव्हे. पैसे देताना संस्थेच्या नावाची पावती घ्या, माणसाच्या खासगी नंबरवर पाठवून मोकळे होऊ नका. फीत काय येतं आणि काय वेगळं द्यावं लागेल, म्हणजे बूट, ड्रेस, प्रवास, घोड्याचे जादा पैसे, हे व्हॉट्सअॅपवर लिहून मागवा. तोंडी बोलणं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. मूल आजारी पडलं किंवा दोन दिवसांत परत आणलं तर किती पैसे परत, हेही आधीच ठरवा. नोंदणीकृत संस्था असल्याचं कुणी सांगत असेल तर नोंदणी क्रमांक मागून धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव शोधा किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयात विचारा. पैशाबाबत फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

पाठवताना आणि आणताना

फॉर्मवर लेकराचा आजार लपवू नका. फिट येते, दमा आहे, एखाद्या औषधाची अॅलर्जी आहे, हे लिहिलं तर प्रवेश मिळणार नाही अशी भीती वाटते. तसं म्हणून प्रवेश नाकारणाऱ्याकडे लेकरू न गेलेलंच बरं. रात्री अंथरूण ओलं होत असेल तर फॉर्मवर न लिहिता तिथल्या ताईंच्या कानावर घाला, म्हणजे पोरांसमोर फजिती होणार नाही. दोन मोबाईल नंबर लेकराला तोंडपाठ करून घ्या. कागदावर लिहून दिलेला नंबर पहिल्याच धुण्यात जातो.

जाण्याआधी लेकराला साध्या भाषेत सांगा : तुझ्या अंगाला कुणी नको तिथं हात लावला, अंधारात एकट्याला बोलावलं, ‘घरी सांगू नको’ म्हणालं, तर ते आम्हाला सांगायचंच, तुला कुणी रागावणार नाही. मुलांनाही सांगा, नुसतं मुलींना नाही. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि तो अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. असा प्रकार माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे, मग ‘शिबिराचं नाव खराब होईल’ म्हणून दाबणारा आयोजक कितीही वजनदार असो. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर मोफत आहे. हा नंबर लेकराला माहीत असू द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन येईल, ‘मला न्यायला या.’ घराची आठवण बहुतेकांना येते, त्यातल्या बहुतेकांची चौथ्या दिवशी जाते. पण एक प्रश्न विचारा : ‘घराची आठवण येते म्हणून का, आणखी काही झालंय?’ पोर गप्प झालं, किंवा आवाज बदलला, तर फी बुडाली तरी चालेल, त्याच दिवशी गाडी काढा.

आणि परत आल्यावर ‘काय काय शिकला, म्हणून दाखव’ हे पाहुण्यांसमोर दोन दिवसांनी करा. आल्याच्या रात्री जेवताना विचारा, कुठं झोपायचास, शेजारी कोण होतं, भाजी कसली असायची, कोणते सर आवडले आणि कोणते नाही आवडले. ज्या सरांचं नाव लेकरू घेत नाही, त्यांच्याबद्दल दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पुढच्या वर्षी गावातल्या दुसऱ्या कुणी त्याच शिबिराचा फ्लेक्स ग्रुपवर टाकला, तर त्याखाली आपला अनुभव लिहा, चांगला असेल तरी आणि वाईट असेल तरी.